पोळीभाजीवालीच्या नजरेतून: मुलांच्या वजनाचं क्लिनिक

नाव लिहीत नाही. पुढे उणीदुणीही काढली आहेत आणि त्या डॉक्टरांकडे मला अजून जायचंय. नाशिकला गंगापूर रोडवर एका बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात वरच्या मजल्यावर जास्त वजनाच्या मुलांसाठी हा वर्ग चालतो, चार महिन्यांचा. डॉक्टर, एक आहारतज्ज्ञ मॅडम आणि मुलांना खेळवणारे एक सर, एवढाच संच. फी साडेसात हजार, दोन हप्त्यांत दिली तरी चालते. रक्ताच्या तपासण्या वेगळ्या. पाचपैकी गुण द्यायचे तर माझ्याकडून साडेतीन.

आता मी कोण ते सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल. सिडकोत माझं पोळीभाजी केंद्र आहे. दोन बायका हाताखाली, रोजचे शंभरेक डबे. त्यामुळे जेवणाखाणाबद्दल कुणी मला शिकवायला लागलं की आधी माझ्या कपाळाला आठी पडते. घरात पाच माणसं: सासूबाई, हे, आठवीतली गार्गी, पाचवीतला सोहम आणि मी. ह्यांची अंबडला कंपनीत शिफ्ट असते, एक आठवडा सकाळची, एक आठवडा दुपारची. हे शिफ्टचं मुद्दाम सांगतेय, पुढे लागणार आहे.

सोहमच्या मानेवर काळा पट्टा दिसायला लागला होता. आईंना, म्हणजे सासूबाईंना, वाटायचं मळ आहे. दर रविवारी डाळीचं पीठ आणि दूध लावून त्या त्याची मान घासायच्या आणि तो ओरडायचा. शाळेतल्या तपासणीच्या चिठ्ठीवरही ‘वजन जास्त’ असा शेरा आला होता, पण असे शेरे आपण फ्रिजवर लावतो आणि विसरतो. त्या मानेसाठी म्हणून त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलो, तर त्यांनी मलम न देता इकडे पाठवलं.

पहिली भेट चांगली तासभर चालली. बाकी दवाखान्यांत डॉक्टर वर बघेपर्यंत आपली वेळ संपते, म्हणून हे आधी लिहिते. वजन करायची खोली वेगळी, दार लावून. मुलाला काट्याकडे पाठ करून उभं करतात, आकडा फक्त डॉक्टर बघतात. उंची अनवाणी, टाचा भिंतीला टेकवून. कमरेला टेप. मानेकडे एक नजर टाकून डॉक्टर आईंना म्हणाले, “आजी, हा मळ नाही. घासून जाणार नाही, उलट कातडी जाड होईल. शरीरात इन्सुलिन जास्त झालं की मान, काख अशी काळी पडते.” आई गप्प. डाळीचं पीठ त्या दिवसापासून बंद झालं, तेवढ्यासाठी सोहमने क्लिनिकला पाचपैकी दहा दिले असते.

सोहमची उंची 138 सेंटिमीटर, वजन 46 किलो. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, 24 च्या जरा वर. मोबाईलवर हाच आकडा टाकला तर ‘नॉर्मल’ येतं, कारण तिथलं गणित मोठ्या माणसांचं असतं. मुलांसाठी भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे, म्हणजे आयएपीचे, 2015 चे तक्ते वापरतात. त्यात वयाप्रमाणे वर चढत जाणाऱ्या दोन रेघा असतात. खालची ओलांडली की वजन जास्त, वरची ओलांडली की लठ्ठपणा. दहा वर्षांच्या पोराला 24 म्हणजे वरच्या रेघेच्याही वर. डॉक्टरांनी लसीकरणाचं जुनं कार्ड मागितलं. माझ्याकडे होतं, प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिवळं पडलेलं. त्यावर लिहिलेली जुनी वजनं त्यांनी पेन्सिलने तक्त्यावर मांडली. पाच वर्षांपर्यंत टिंबं सगळी मधल्या पट्ट्यात, आणि मग एकदम वरच्या अंगाला. पाचवं वर्ष म्हणजे 2020. पोरगं घरात, मैदान बंद, हातात मोबाईल आणि माझं केंद्रही बंद, म्हणून घरी रोज काहीतरी नवीन तळलेलं. कुणी काही बोललं नाही, कागदच बोलत होता.

नात्यातल्या अर्ध्या लोकांनी ‘थायरॉईड असेल गं’ म्हणून ठेवलं होतं. मी तेही विचारलं. त्यावर उत्तर साधं होतं: हार्मोनच्या आजारात मुलाची उंची बहुधा खुंटते, ह्याची तर वयापेक्षा जास्तच भरतेय. तपासणीत साखर जेमतेम हद्दीत निघाली, यकृताचा एक आकडा मात्र वाढलेला. दहाव्या वर्षी यकृतावर चरबी! मी आपली दारूवाल्यांचाच आजार समजत होते तो.

मला सगळ्यात आवडलं ते हे, की त्यांनी वजन कमी करायला सांगितलंच नाही. वाढत्या वयात उपाशी ठेवायचं नाही. वजन आहे तिथे थोपवायचं आणि उंचीला पुढे जाऊ द्यायचं. 46 किलोच राहून पोरगं 143 सेंटिमीटर झालं, की बीएमआय आपोआप साडेबावीसवर येतो. ‘महिन्यात पाच किलो’ अशा पाट्या लावणारे आमच्या भागात ढिगाने आहेत. त्यांच्यापुढे हे ऐकायला मिळमिळीत वाटतं, पण हिशोब पटतो.

आता मुख्य गोष्ट. दुसऱ्या वेळी आहारतज्ज्ञ मॅडमनी बोलावलं. मी तयारीत गेले होते, काय काय खातो त्याची यादी घेऊन. मॅडमनी यादी बाजूला ठेवली आणि विचारलं, “तुमच्या घरात रात्री जेवणाच्या पंगती किती?”

मी म्हटलं, दोन. आम्ही साडेआठला जेवतो, आणि हे दुपारच्या शिफ्टला असले की साडेअकरा-बाराला येतात, तेव्हा त्यांचं ताट.

“तेव्हा सोहम कुठे असतो?”

सोहम जागा असतो. गेटजवळ गाडीचा आवाज आला की हा अंथरुणातून उठतो. हे ताटावर बसले की शेजारी मांडी घालून बसतो. मग पहिला घास बाबांच्या हातचा, दुसरा त्याच्या हातचा, असं करत एक-दीड पोळी, भात-आमटी आणि त्या दिवशी केंद्रातली भजी किंवा वडे उरले असतील तर तेही. ही दुसरी पंगत. आमच्या कुणाच्याच यादीत नव्हती, कारण आमच्या लेखी ते जेवण नव्हतंच. मॅडमनी सोहमलाच विचारलं, “रात्री भूक लागते का रे?” तो म्हणाला, “नाही, बाबा येतात ना.”

दुपारच्या शिफ्टच्या आठवड्यात बापलेकांची भेट तेवढीच. सकाळी हा शाळेला जातो तेव्हा ते झोपलेले, हा दुपारी येतो तेव्हा ते निघालेले. मॅडम जेवणाबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत. त्या म्हणाल्या, ह्या भेटीची वेळ बदलता येईल का ते बघा. खाणं त्या भेटीला चिकटलेलं आहे, भेट हलली की खाणंही हलेल. शिवाय सहा ते बारा वयाच्या मुलांना रात्री निदान नऊ तास झोप लागते. ती सहावर येऊन थांबली असेल, तर दुसऱ्या दिवशी भूक वाढणार आणि खेळायचा उत्साह जाणार.

ह्यांना हे पटवायला मला दोन दिवस अबोला धरावा लागला. “पोरगं दोन घास खातं बापाबरोबर, तेही नको?” शेवटी तोडगा त्यांनीच काढला. दुपारच्या शिफ्टच्या आठवड्यात सकाळी सहाला उठून सोहमला शाळेत पायी सोडायचं, रिक्षा बंद. शाळा घरापासून दीडेक किलोमीटर. रात्री बाराला येणाऱ्या माणसाने सहाला उठायचं, म्हणजे चेष्टा नाही. सोडून आले की परत झोपतात. पण त्या चालण्यात त्या दोघांचं काय काय चालतं देव जाणे, घरी येऊन मला काहीही सांगत नाहीत. सोहम आता साडेनऊला झोपतो. सुरुवातीला उठायचा, आई त्याला थोपटून झोपवायच्या.

ह्या एका प्रश्नासाठी मी फीचे अर्धे पैसे वसूल झाले असं धरते.

नंतर तेल. मॅडमनी विचारलं, घरात महिन्याला तेल किती? आमचं घर आणि केंद्र एकाच ओट्यावर, 15 किलोचा डबा दोघांत. मला सांगताच येईना. त्यांनी घरचं तेल वेगळ्या बरणीत काढायला लावलं. माणशी महिन्याला अर्धा किलो ते सहाशे ग्रॅम, म्हणजे आम्हा पाच जणांना तीन किलोच्या आत. बरणी पहिल्या महिन्यात विसाव्या दिवशीच रिकामी झाली. आता धंद्याचं म्हणाल तर गिऱ्हाइकाला भाजीवर तवंग लागतो, नाहीतर ‘भाजी कोरडी आहे’ म्हणून डबा बंद करतात. ते मी बदलणार नाही, पोट आहे. पण घरची अर्धा किलो गवार मी आता दोन चमचे तेलात करते. फोडणी छोट्या कढईत, तेल चांगलं तापल्याशिवाय मोहरी टाकायची नाही, भाजी परतली की वर खोलगट झाकण आणि झाकणात पाणी. वाफेवर शिजते, खाली लागत नाही, गरम झालेलं झाकणातलंच पाणी लागलं तर भाजीत घालायचं. ही काही मॅडमची विद्या नव्हे, माझ्या आजीची आहे. डबे वाढले तशी घाईत मोठ्या जाळावर तेल ओतायची सवय लागली होती. ह्या बाबतीत मॅडम मला काही शिकवू शकल्या नाहीत, पण बरणी त्यांची कल्पना आणि ती अजून चालू आहे.

शनिवारी संध्याकाळी सामूहिक वर्ग. खाली पटांगणात मुलं आणि सर, वर आम्ही पालक. मला वाटलं होतं मुलांना ट्रेडमिल वगैरे असेल. सर खेळ घेतात लंगडी, खांबखांब खांबोळी, दोरीच्या उड्या, डॉजबॉल. सोहमला शाळेत कुणी संघात घ्यायचं नाही. इथे सगळेच त्याच्यासारखे, त्यामुळे लंगडीत धरणाराही धापा टाकतो आणि पळणाराही. हसून हसून लोळतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्याप्रमाणे पाच ते सतरा वयाला रोज सरासरी 60 मिनिटं घाम येईल अशी हालचाल हवी. सरांचं म्हणणं, तो तास सलग हवा असं कुठे लिहिलंय? पंधरा मिनिटं शाळेचं चालणं, वीस मिनिटं सोसायटीत सायकल, असं जोडून काढा.

वर आमचा वर्ग म्हणजे पाकिटं वाचायची शाळा. हा भाग मला थोडा माहीत होता. माझ्या भिंतीवर एफएसएसएआयच्या, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, नोंदणीचा कागद टांगलेला आहे, त्यामुळे पाकिटावर घटकपदार्थ जास्तीकडून कमीकडे लिहितात हे मला ठाऊक. बाकीच्या आयांना ते नवीन होतं. मॅडमनी वाटीत साखर मोजून दाखवली. मुलाला दिवसाला वरून घातलेली साखर साधारण पाच-सहा चमच्यांच्या आत असावी. तीनशे मिलीच्या गोड शीतपेयात तीसेक ग्रॅम, म्हणजे सहा-सात चमचे, झाला दिवसाचा कोटा एका बाटलीत. मुलांच्या दुधात घालायच्या चॉकलेटी पावडरींचे डबे टेबलावर मांडले होते, काहींत तिसरा हिस्सा साखरच. ह्यांना ‘हेल्थ ड्रिंक’ म्हणून विकू नका असं केंद्र सरकारने एप्रिल 2024 मध्ये ऑनलाइन दुकानांना कळवलं, कारण अन्नसुरक्षा कायद्यात तसा प्रकारच नाही. एक ताई तावातावाने म्हणाल्या, मग शाळेच्या दारातल्या गाड्यांचं काय? नियम आहे, 2020 चा: शाळेच्या आवारात आणि फाटकापासून 50 मीटरपर्यंत जास्त चरबी, मीठ, साखरेचे पदार्थ विकायचे नाहीत. आमच्या शाळेचं फाटक ते वडापावची गाडी हे अंतर तुम्हीच येऊन मोजा. मी स्वतः विकणारी बाई, गाडीवाल्याला नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही. पण फाटकाला टेकूनच उभं राहायची काही गरज नाही.

आईंना डॉक्टरांनी वेगळं काम दिलं. शाळेतून आल्यावरचं पाचचं खाणं त्यांच्याकडे. आधी त्या दहाची नोट द्यायच्या. आता मुरमुऱ्यांचा भडंग, उकडलेले हरभरे, कधी तळहाताएवढं थालीपीठ. नाशकात राहून द्राक्षांना नाही म्हणायचं का, असं त्यांनी डॉक्टरांना ठणकावून विचारलं होतं. उत्तर: वाटीभर खा, रस काढू नका. आणि एक अट सगळ्या घराला: ‘जाड्या’, ‘गोलू’, ‘खात्यापित्या घरचा’ हे शब्द बंद. सगळ्यात अवघड हेच गेलं, कारण माझ्या भावाला दुसरं काही बोलताच येत नाही. भाऊबीजेला आला तेव्हा गार्गीने त्याला जिन्यातच अडवून दम दिला.

गार्गीवरून आठवलं. ती काटकुळी. तिला मी नेलंच नव्हतं, डॉक्टरांनी आणायला लावलं. वजन बरोबर, पण कमरेचा घेर वयाच्या मानाने जास्त. क्लिनिकच्या भिंतीवर एक फोटो आहे, पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, 22.3. अंगातली चरबी मात्र युडकिनांची 9.1 टक्के आणि आपल्या याज्ञिकांची 21.2. ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकात 2004 साली छापून आलेला फोटो आहे तो. दिसायला बारीक आणि आत चरबी, हे आपल्याकडचं दुखणं. म्हणून घरात सोहमसाठी वेगळा स्वयंपाक आणि गार्गीला चिप्स, असलं काही चालत नाही. ताट सगळ्यांना एकच. हे मला स्वयंपाकाच्या दृष्टीनेही परवडतं.

रविवारी आम्ही पांडवलेणी चढतो. जवळच आहे. उतरल्यावर मिसळ, ती मी सोडलेली नाही. मटकीची उसळ ती, तिच्यात वाईट काय? मॅडमशी ह्यावर तह झाला: शेव वेगळ्या वाटीत, तर्री एकदाच, पाव एक.

आता दीड गुण का कापला.

मॅडमनी दिलेला छापील तक्ता. सकाळी ओट्स, मधल्या वेळी ब्राऊन ब्रेडचं सँडविच, रात्री सूप आणि सॅलड, ऑलिव्ह तेलात. नाशिकच्या सिडकोत हे कोण खातं? मी विचारलं, बाजरीची भाकरी, मुगाची आमटी, पालेभाजी ह्यांनी काय घोडं मारलंय? त्यांनी हसून माझ्यासाठी हाताने नवीन लिहून दिला, चांगला दिला, त्यात नाचणीचं आंबील, ज्वारीची भाकरी सगळं होतं. पण पुढच्या शनिवारी नव्या आयांच्या हातात पुन्हा तोच ओट्सवाला कागद.

दुसरं, बाहेर काउंटरवर विकायला ठेवलेली ‘नाचणी कुकीज’ची पाकिटं. उलटं करून वाचलं तर पहिला घटक मैदा, मग साखर, मग पामतेल, नाचणी त्याच्याही मागे. वर पाकिटं वाचायला शिकवायचं आणि खाली हे विकायचं! सांगितल्यावर म्हणाले, ‘बघतो’. शेवटच्या शनिवारीही पाकिटं तिथेच होती.

तिसरं, आत एवढी काळजी घेऊन दार लावतात आणि बाहेरची पोरगी फाइल देताना भर गर्दीत विचारते, “शेहेचाळीस किलोवाला सोहम कोण?” सोहमचा चेहरा मी बघितलाय. डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी तिथल्या तिथे तिला बोलावून समजावलं, पण हे आधीच शिकवायला हवं.

चौथं, व्हॉट्सअॅपचा ग्रुप. ताटांचे फोटो टाकायचे म्हणे. आठवड्याभरात त्याचं रुखवत झालं, कोणाची कोशिंबीर देखणी ह्याची चढाओढ. खरा प्रश्न विचारला तर मॅडमचं उत्तर दोन दिवसांनी. मी आवाज बंद करून ठेवला.

आणि पाचची वेळ. शनिवारी पाचला शिफ्टवाले बाप येऊच शकत नाहीत. आमच्या वर्गात पंधरा आया आणि मोजून तीन वडील. अर्धा लठ्ठपणा पप्पा आणतात त्या पाकिटांचा, आणि ते ऐकायला पप्पाच नाहीत. रविवार सकाळची एक तुकडी काढा म्हणून मी लिहून दिलंय.

चार महिन्यांनंतर सोहम 140 सेंटिमीटर, साडेशेहेचाळीस किलो. बीएमआय 23.7. फोटो काढून दाखवावं असं काही नाही, शेजारणींना फरक दिसतही नाही. मानेचा पट्टा आहे, जरासा फिकट. यकृताचा आकडा सहा महिन्यांनी पुन्हा तपासायचाय. जिना चढताना मात्र आता मध्ये थांबत नाही.

झटपट बारीक करून हवं असेल तर इथे जाऊ नका, पैसे वाया जातील. एकट्या मुलाला आईबरोबर पाठवून बाकीचं घर जसंच्या तसं ठेवायचं असेल, तरीही नका जाऊ. जाणारच असाल तर लसीकरणाचं कार्ड शोधून न्या, आजी असतील तर आजींना न्या, आणि पहिली भेट सकाळी अकराच्या आधीची घ्या, नंतर तापाखोकल्याच्या मुलांची रांग लागते. तक्ता मात्र हाताने लिहिलेलाच मागा. गाडी लावायला जागा नाही. आम्ही सिटीलिंकच्या बसने जातो आणि एक थांबा आधी उतरतो.